शून्य वाचक, कोटी वाचक

भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत १२,००,३३४ भरली. जगातल्या वेबसाइट्सची मोजदाद ठेवणाऱ्या नेटक्राफ्टच्या अलीकडच्या गणनांत साइट्सचा आकडा ११० कोटींच्या वर असतो. भागाकार करून पाहा. भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी या सातही तालुक्यांतल्या प्रत्येक माणसाच्या वाट्याला, पाळण्यातल्या पोरासकट, नऊशेवर साइट्स येतात.

आता या साइट्स नुसत्या उघडून बघायच्या म्हटल्या, एकेक मिनिट, रात्र-दिवस, जेवण-झोप न घेता, तर किती वेळ लागेल? साधारण २,०९० वर्षं. म्हणजे आज काम संपवायचं असेल तर इसवी सनाच्या आधीच्या शतकात बसायला हवं होतं. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवरचा स्तूप तेव्हा बांधून जुना झाला होता.

पण घाबरू नका. या ११० कोटींतल्या चालू म्हणाव्यात अशा साइट्स २० कोटींच्या आसपासच आहेत. बाकीची नुसती नावं: कुणीतरी घेऊन ठेवलेली, ‘लवकरच येत आहोत’ असं लिहून वर्षानुवर्षं न आलेली, साच्यातून छापून काढलेली. अकरांतल्या नऊ पोकळ. उरलेल्या २० कोटींना ३८० वर्षं पुरतील. म्हणजे १६४५च्या सुमारास सुरुवात केली असती, शिवाजी महाराज पंधरा वर्षांचे असताना, तर आत्ता उरकलं असतं.

आणि हा सगळा पसारा एका माणसाच्या आयुष्यातला आहे. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत पहिली साइट उभी केली आणि ६ ऑगस्ट १९९१ला ती जगजाहीर केली. तेव्हा आकडा होता १. १९९३च्या मध्याला १३०. २०१४च्या सप्टेंबरात १०० कोटी. ज्याने १९९१ साली मॅट्रिक दिली, तो अजून नोकरीत असेल.

साइट काढणाऱ्याला हे मोठे आकडे फार आवडतात. ‘जग तुमच्या दारात’ असं सांगतच साइट बनवून देणारा तुमच्याकडून पैसे घेतो. भंडाऱ्यातला पितळी भांड्यांचा व्यापारी असो, पवनीचा करवतकाठी साड्यांचा विणकर असो की तुमसरचा राइस मिलवाला, प्रत्येकाला पटतं की जगात इतके कोटी लोक इंटरनेटवर आहेत, त्यातला लाखातला एक आला तरी आपलं भागेल. इथेच हिशेब चुकतो. वेबसाइट बुडण्याची कारणं लोक शंभर सांगतात: रंग चुकला, नाव चुकलं, मार्केटिंग कमी पडलं. माझ्या मते बहुतेक साइट्स बुडतात त्या चुकीच्या आकड्याकडे बघत बसल्यामुळे.

खरा आकडा हा घ्या. अहरेफ्स नावाची कंपनी गुगलवरून कोणत्या पानाला किती लोक येतात याचे अंदाज बांधते. २०२३मध्ये तिने १,४०० कोटी पानं तपासली. त्यातल्या ९६.५५ टक्के पानांना गुगलवरून महिन्याला एकही माणूस येत नव्हता. शून्य. आणखी १.९४ टक्के पानांना महिन्याकाठी एक ते दहा. उरलेले दीड टक्का म्हणजे ज्यांच्याकडे दहाहून जास्त जण फिरकले.

टक्केवारीने डोक्यात उजेड पडत नाही, म्हणून पुन्हा आपल्या जिल्ह्याकडे या. समजा भंडारा जिल्ह्यातला प्रत्येक माणूस म्हणजे वेबवरचं एक पान. मग १२ लाखांतल्या ११ लाख ५८ हजार लोकांच्या दारात महिनाभर कुणी पाऊल टाकलं नाही. २३ हजारांकडे कुणीतरी चुकूनमाकून डोकावलं. आणि १८ हजार लोकांकडे दहापेक्षा जास्त पाहुणे आले. तुम्ही साइट काढता तेव्हा मनात धरता की आपण त्या १८ हजारांत असू. धरायला हवं ते ११ लाख ५८ हजारांत. म्हणजे साइट न चालणं ही दुर्घटना नाही, ती रीत आहे. चालणं हा अपवाद, आणि अपवाद का घडला ते विचारण्यात अर्थ आहे.

पण काउंटर तर फिरत असतो ना! साइटच्या तळाला ‘आतापर्यंतचे वाचक’ म्हणून आकडा असतो, तो रोज वाढतो. मालक खूश. आत जाऊन बघितलं की गंमत कळते. वाचक कुठून आले याच्या यादीत भंडारा सातवा-आठवा, नागपूर चौथं-पाचवं, आणि सगळ्यात वर अॅशबर्न. हे अॅशबर्न अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात आहे. तिथे जगातल्या सगळ्यात दाट डेटा सेंटर्सपैकी काही आहेत, आणि तिथून येतात ते वाचक माणसं नसतात, बॉट असतात: पानं गोळा करणारे, कुलूप कुठे सैल आहे ते चाचपणारे, ईमेलचे पत्ते वेचणारे. इम्पर्व्हा ही सुरक्षा कंपनी दर वर्षी याचा अहवाल काढते. २०२४ सालच्या वेबवरच्या वर्दळीत ५१ टक्के वाटा यंत्रांचा होता, असं ती सांगते. दहा वर्षांत पहिल्यांदाच माणसं अल्पमतात गेली. लहान साइटवर तर हे प्रमाण आणखी वाईट दिसतं, कारण बॉट छोटा-मोठा बघत नाहीत, सगळ्यांकडे सारखेच जातात, आणि माणसं मात्र बघतात.

म्हणून काउंटरवरचे पाच हजार म्हणजे पाच हजार गिऱ्हाइकं नव्हेत. एक फोन आला का? ‘दादा, साइटवर बघितलं, पितळी गुंड कितीला दिला?’ असं कुणी विचारलं का? तो आकडा मोजा. वर्षात असे सात फोन आले असतील तर तुमची साइट सात वाचकांची आहे, आणि सात हा काही वाईट आकडा नाही. त्यातल्या तिघांनी भांडी नेली तर पैसे वसूल.

जाहिरातींवर साइट चालवायची ज्यांची स्वप्नं असतात त्यांच्यासाठी एक हिशेब. हजार वेळा पान उघडलं गेलं की जाहिरातीचे ५० रुपये मिळतात असं हिशेबापुरतं धरू. जिल्ह्यातला दर पाचवा माणूस, म्हणजे २ लाख ४० हजार जण, महिन्यातून एकदा तुमच्या साइटवर आले असं मानू. हे मानणंसुद्धा फार उदार आहे. इतके लोक एखाद्या सभेला आले तर पुढारी आयुष्यभर सांगत फिरेल. तर या सगळ्यांचे मिळून महिन्याला १२ हजार रुपये. अख्ख्या जिल्ह्याचा पाचवा हिस्सा वाचतोय आणि त्यातून एक मजकूर टाकणारा पोरगा धड पगारावर राहत नाही. वाचक दुप्पट करता येणार नाहीत, कारण जिल्हा दुप्पट होणार नाही; उलट १ मे १९९९ला गोंदिया वेगळा झाला तेव्हा तो कमीच झाला.

बरं, मोठ्यांचं काय झालं? पेट्स डॉट कॉम ही अमेरिकेतली कुत्र्या-मांजरांचं खाणं विकणारी साइट. २०००च्या फेब्रुवारीत तिने शेअर बाजारातून ८ कोटी २५ लाख डॉलर उचलले. तेव्हाच्या दराने हे सुमारे ३६० कोटी रुपये होतात. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचा मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता, हे लक्षात घ्या. (त्या अंदाजाचं पुढे काय झालं ते पवनी तालुक्यात कुणालाही विचारा, २०१६ला तो १८ हजार कोटींच्या पलीकडे गेला. पण धरण निदान आहे.) जवळजवळ धरणाएवढा पैसा घेऊन ही साइट त्याच वर्षी नोव्हेंबरात बंद पडली. नऊ महिने. सुरुवातीच्या काळात तिने ६ लाख १९ हजार डॉलरची विक्री केली आणि त्याच काळात जाहिरातीवर १ कोटी १८ लाख डॉलर खर्च केले, म्हणजे एक रुपयाचा माल विकायला एकोणीस रुपयांचा भोंगा. शिवाय माल मुळात पडत्या भावाने, आणि कुत्र्याच्या खाण्याची जड पोती घरपोच नेण्याचं भाडं वेगळं. जितकी गिऱ्हाइकं जास्त तितका तोटा जास्त. तिला वाचकांचा दुष्काळ नव्हता. दर गिऱ्हाइकामागे किती सुटतात हा एकच आकडा तिने बघायचा होता.

आपल्याकडच्या साइट्स अशा थाटात मरत नाहीत. त्या गुपचूप मरतात, आणि बहुतेकदा हजारभर रुपयांवरून.

साइटचं नाव, डोमेन, विकत मिळत नाही. ते भाड्याने असतं, दर वर्षी पैसे भरून नवं करावं लागतं. डॉट कॉम आणि डॉट नेट यांचं काम बघणारी व्हेरीसाइन कंपनी सांगते की नूतनीकरणाला आलेल्या नावांपैकी साधारण चारांत तीन नवी केली जातात. ऐकायला बरं वाटतं. पण हेच प्रमाण दर वर्षी लावून बघा. हजार साइट्स काढल्या: वर्षाने ७५०, दोन वर्षांनी ५६२, पाच वर्षांनी २३७, दहा वर्षांनी ५६. प्रत्यक्षात जुनी नावं जास्त चिवट असतात, पहिल्याच वर्षी गळती मोठी, त्यामुळे दहा वर्षांनी ५६हून बरीच जास्त उरतात. तरीही चक्रवाढ व्याज उलटं फिरलं की काय होतं ते यातून कळतं.

आणि ही नावं का सुटतात? पैसे नसतात म्हणून क्वचित. बहुधा असं होतं: साइट बनवली भाच्याने. डोमेन घेतलं त्याच्या ईमेलवर. भाचा बी. ई. होऊन पुण्याला गेला, मग हैदराबादला. तो ईमेल तो आता उघडत नाही. ओटीपी ज्या नंबरावर येतो तो नंबर कधीच दुसऱ्याचा झाला. मामाला कळतं ते कुणीतरी ‘तुमची साइट उघडत नाही’ म्हटल्यावर. डॉट कॉमचं नाव मुदत संपल्यावरही कंपनीगणिक जास्तीत जास्त ४५ दिवस, मग ३० दिवस दंड भरून सोडवायला, अशी पंचाहत्तर दिवसांची सवड देतं; शेवटच्या ५ दिवसांत ते सोडवताही येत नाही. या काळातली स्मरणपत्रं त्या न उघडणाऱ्या ईमेलवर पडत राहतात. त्यानंतर नाव मोकळं, आणि मोकळी नावं उचलायला जगभर यंत्रं टपलेली. मग एखाद्या शाळेच्या नावाने उघडणाऱ्या साइटवर पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात दिसते.

भंडाऱ्याच्या माणसाला हे नव्याने सांगायला नको. हा तलावांचा जिल्हा. मालगुजारीच्या काळात कोहळी समाजाने खोदलेले, पाळी बांधलेले तलाव. आज त्यांना आपण मामा तलाव म्हणतो, म्हणजे माजी मालगुजारी. पूर्व विदर्भात ते हजारोंनी आहेत. १९५१मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, लहान तलाव जिल्हा परिषदेकडे. पाण्यावरचा हक्क गावाचा राहिला, पण गाळ कुणी काढायचा, पाळ फुटली तर कुणी बांधायची, हे धड कुणाचंच राहिलं नाही. खोदणारे खोदून गेले होते. तलाव भरत आले ते गाळाने. साइटचंही दुखणं हेच. काढण्याचा समारंभ होतो, फीत कापली जाते, आणि गाळ काढण्याचं नाव कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं.

सरकारी पातळीवर हे किती मोठ्या प्रमाणात घडू शकतं बघा. देशातल्या प्रत्येक पंचायतीला स्वतःचं संकेतस्थळ असावं म्हणून राष्ट्रीय पंचायत पोर्टल आलं, दोन लाखांहून जास्त पंचायतींसाठी. महाराष्ट्रात २०११पासून संग्राम प्रकल्प आला, सुमारे २७,९०० ग्रामपंचायतींत संगणक आणि त्यावर बसणारा परिचालक. २०१५च्या डिसेंबरअखेर तो संपला, त्याच्या जागी दुसऱ्या नावाचं केंद्र आलं. पोर्टल, लॉगिन, पासवर्ड, योजना, सगळं बदलत गेलं. परिचालक मात्र मानधनासाठी मोर्चे काढत राहिला. मला विचाराल तर या सगळ्या व्यवस्थेत गाळ काढणारा तोच एक होता, आणि खर्चाच्या पत्रकात सगळ्यात शेवटी तोच.

मराठी साइट्सचं आणखी एक मरण आहे, ते जिवंतपणीचं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१च्या पहिल्याच आवृत्तीपासून आहे. तरी २०००च्या आगेमागे मराठीतला बहुतेक मजकूर खासगी फॉन्टांत टाकला जायचा. पडद्यावर ‘वैनगंगा’ दिसायचं, पण आत साठवलेली असायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. तो फॉन्ट संगणकावर असेल तर मराठी, नसेल तर कचरा. शोधयंत्राला तर कायमच कचरा. पानंच्या पानं मराठी मजकूर, हजारो तासांचं टंकन, आणि मराठी शब्द टाकून शोधलं तर सापडणारी पानं शून्य. तो मजकूर कुणी पुसला नाही. तो तिथेच होता, फक्त कुणाच्याही हाती लागण्यासारखा नव्हता. २७ ऑगस्ट २०१४ला ‘डॉट भारत’ आलं आणि साइटचा पत्ताही देवनागरीत लिहिता येऊ लागला, तोवर त्यातल्या कित्येक साइट्स उठून गेल्या होत्या.

मराठी बोलणारे २०११ला ८ कोटी ३० लाख होते, म्हणजे जगातल्या माणसांत शंभरातल्या एकाहून थोडे जास्त. वेबवरच्या साइट्समध्ये मराठीचा वाटा मात्र हजारातल्या एकापेक्षाही कमी भरतो. विकिपीडियावर मराठीत सुमारे १ लाख लेख, इंग्रजीत ७० लाख. कुणी म्हणेल, मग तर मैदान मोकळं, मराठीत साइट काढली की चालणारच. तसंही होत नाही, कारण आपली माणसं मराठीत बोलतात आणि शोधतात रोमन अक्षरांत. त्यातून आपल्या जिल्ह्याचं नाव असं, की तेच शोधणाऱ्या ५२ कोटी हिंदी भाषकांना त्यात जेवणावळ हवी असते.

काळाची कात्री तर सगळ्यांनाच लागते. प्यू रिसर्च सेंटरने २०२४मध्ये तपासलं: २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. जिओसिटीज ही लोकांना फुकट पानं बनवू देणारी साइट. याहूने ती १९९९मध्ये साडेतीनशे कोटी डॉलरहून जास्त मोजून घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ला बंद केली. त्यावर लोकांनी हाताने बनवलेली निदान ३ कोटी ८० लाख पानं होती. भंडारा जिल्ह्यातल्या माणशी ३१. त्यातली बरीच स्वयंसेवकांनी शेवटच्या दिवसांत उतरवून घेतली म्हणून वाचली. इंटरनेट आर्काइव्हने १९९६पासून जपलेल्या पानांचा आकडा २०२५च्या ऑक्टोबरात १ लाख कोटींवर गेला, माणशी आठ लाख तेहतीस हजार पानं, पुन्हा आपल्याच जिल्ह्याच्या हिशेबाने. आणि इकडे पवनीच्या स्तूपाच्या कठड्यावर दात्यांनी ब्राह्मीत कोरून ठेवलेली नावं दोन हजार वर्षांनी वाचता येतात. दगडाची आणि सर्व्हरची बरोबरी करायची नाही मला. दगडावर दोन ओळी मावतात. पण त्या दात्यांना वार्षिक नूतनीकरण नव्हतं एवढं खरं.

मग चालतात त्या कुठल्या? सातबाऱ्याची साइट बघा. दिसायला कशीबशी, वेळेला धीमी, ती वाकडी अक्षरं ओळखून भरायची, तीही दोनदा चुकणार. कुणी तिची जाहिरात केली नाही. राज्यात सातबारे अडीच कोटींच्या घरात. १५ रुपयांत डिजिटल सहीचा उतारा मिळतो. लाखांदूरचा शेतकरी पीककर्जासाठी ती उघडतो, नाही चालली तर शिव्या घालतो आणि संध्याकाळी परत उघडतो. शिव्या घालून परत येणारा वाचक हा साइटचा खरा वाचक. जी साइट बंद पडल्यावर एकही शिवी ऐकू येत नाही, ती आधीच बंद पडलेली होती.

इथून गोष्ट उलटी फिरते. आतापर्यंत शून्याचं रडगाणं झालं. पण साइट कोटीनेही मरते.

१६ जुलै २०२१, दुपारी एक. कोरोनामुळे परीक्षा न होताच लागलेला दहावीचा निकाल. विद्यार्थी १५ लाख ७५ हजारांहून जास्त. वेळ सगळ्यांना आधी सांगितलेली. एकच्या ठोक्याला साइट आडवी झाली ती कित्येक तास उठली नाही. गावोगावच्या नेट सेंटरवर त्या दुपारी एकच वाक्य होतं: ‘सर्व्हर डाउन आहे.’ निकाल तर ९९.९५ टक्क्यांचा, पास झालोय हे पोरांना माहीत होतं, तरी प्रत्येकाला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. आई-बाबांना बघायचं होतं. मामा-मावशींना परीक्षा क्रमांक पाठवलेला होता. दर विद्यार्थ्यामागे पहिल्या दहा मिनिटांत तीनच वेळा साइट उघडली असं धरलं तरी सेकंदाला ७,८७५. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ला आरोग्य विम्याची सरकारी साइट सुरू झाली तेव्हा पहिल्या चोवीस तासांत ४७ लाख लोक आले आणि नोंदणी झाली सहा जणांची. सहा लाख नव्हे, सहा. म्हणजे हे दुखणं आपलं एकट्याचं नाही.

यात गर्दीचं एक गणित आहे आणि ते फार जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे एर्लांग १९०९पासून रांगांचं शास्त्र मांडत होते. साध्यातला साधा नियम असा की यंत्रणा निम्मी गुंतली असेल तर कामाला लागणारा वेळ दुप्पट होतो. ९० टक्के गुंतली तर दहापट. ९९ टक्के गुंतली तर शंभरपट. नव्वद आणि नव्व्याण्णवमध्ये बघणाऱ्याला फरक दिसत नाही. रांगेत उभ्याला दिसतो. आणि वेबवरच्या रांगेची खोड अशी की माणूस गप्प उभा राहत नाही. पान उघडलं नाही की तो पुन्हा दाबतो, आणखी एकदा दाबतो, शेजारच्याचा मोबाइल घेऊन दाबतो. ७,८७५चे बघता बघता तीस हजार होतात. साइट पडते म्हणून गर्दी वाढते, आणि गर्दी वाढते म्हणून ती उठत नाही.

आता उलट बाजूने हिशेब करा. एका विद्यार्थ्याचा निकाल म्हणजे काय? नाव, आईचं नाव, परीक्षा क्रमांक, सात-आठ विषयांचे गुण, एकूण, टक्के. देवनागरीत लिहिलं तरी एक किलोबाइटमध्ये आरामात मावतं. १५ लाख ७५ हजार विद्यार्थ्यांचे झाले १.६ जीबी. अख्ख्या महाराष्ट्राचा दहावीचा निकाल जुन्या साध्या फोनमधल्या २ जीबीच्या कार्डात बसतो, वर चार गाणी राहतील. पण आजचं सरासरी वेबपान अडीच एमबीच्या आसपास असतं: फिरणारी चित्रं, मान्यवरांचे फोटो, तीन तऱ्हेचे फॉन्ट, पाळत ठेवणारे तुकडे. एक किलोबाइटच्या निकालावर अडीच हजार पट वेष्टन. दर विद्यार्थ्यामागे तीन, म्हणजे दहा मिनिटांत ४७ लाख वेळा हे पाठवायचं म्हणजे जवळपास १२ टेराबाइट, आणि नुसता निकाल पाठवायचा म्हणजे पावणेपाच जीबी. पहिल्याला मोठमोठे सर्व्हर कमी पडतात. दुसरं एखादा बऱ्यापैकी लॅपटॉप उचलून नेईल, असं म्हणायचा मोह होतो. तो थोडा आवरतो, कारण सेकंदाला आठ हजार जोडण्या सांभाळणं हे वेगळं काम आहे. तरी फरक कळला.

कोटीचं ओझं पेलता येतं, हेही आपण बघितलंय. २८ एप्रिल २०२१ला अठरा वर्षांवरच्यांसाठी कोरोना लसीची नोंदणी कोविन या साइटवर उघडली, पहिल्या तीन तासांत सर्व्हरवर ३८ कोटी ३० लाख विनंत्या आदळल्या आणि दिवसभरात १ कोटी ३३ लाख नोंदण्या झाल्या. पहिली काही मिनिटं ती अडखळली, मग चालली. ज्यांनी बांधली त्यांना किती लोक येणार याचा अंदाज होता.

दहावीच्या निकालातही पुढे सुधारणा झाली. १३ मे २०२५ला निकाल लागला तेव्हा तो एकाच दारातून न देता चार-पाच साइट्सवर आणि डिजिलॉकरवर एकदम दिला गेला. साडेचौदा लाखांहून जास्त मुलं पास झाली, ९४.१० टक्के, आपला नागपूर विभाग ९०.७८ टक्क्यांवर शेवटचा. हे आकडे राज्य शिक्षण मंडळाच्याच पत्रकार परिषदेत सांगितले गेले.

अकरावीचा प्रवेश त्या वर्षी पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन होणार होता. आधी मुंबई महानगर, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती एवढ्याच शहरांत तो तसा होता; आता साकोलीच्या पोरानेही त्याच पोर्टलवर जायचं होतं. नऊ हजारांहून जास्त कनिष्ठ महाविद्यालयं, सुमारे वीस लाख जागा. किती जण येणार, कोणत्या दिवशी येणार, किती वाजता येणार, सगळं जाहीर होतं. निकालानंतर आठ दिवसांनी, २१ मेला सकाळी अकराला नोंदणी उघडायची होती. पोर्टल चाललं नाही. नवी तारीख पडली, २६ मे.